बाळकृष्णाचा चेहरा : देहू, मळवली आणि 'कालिया मर्दन'

मराठी वाङ्मयातील बालपणाचा विचार करू लागलो की आपण बहुधा साने गुरुजींच्या 'श्यामची आई'पाशी (१९३५) येऊन थांबतो. त्याच्याही मागे जायचे तर संतकवितेतील बाळकृष्णाकडे वळावे लागते, आणि तिथे एक अडचण उभी राहते. बाळकृष्ण हा देव, त्याचे बालपण ही लीला. मग त्या लीलेत हाडामांसाच्या मुलाचे बालपण कितपत सापडणार? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा मागोवा आम्ही एका लहानशा भूभागात घेणार आहोत.

आम्ही राहतो ते मारुंजी आज हिंजवडीच्या आयटी पार्कचे शेजारी म्हणून ओळखले जाते. येथून उत्तरेस देहू आहे आणि वायव्येस, लोणावळ्याच्या अलीकडे, मळवली. दोन्ही गावे इंद्रायणीच्या खोऱ्यातली. देहूला सतराव्या शतकात तुकोबांनी बाळक्रीडेचे अभंग रचले. मळवलीला एकोणिसावे शतक संपता संपता राजा रविवर्म्याचा शिळाछापखाना आला. मराठी माणसाच्या मनातील बाळकृष्ण घडण्यात या दोन्ही ठिकाणांचा वाटा आहे, आणि दोन्ही ठिकाणचा बाळकृष्ण एकसारखा नाही.

प्रथम देहूकडे वळू. भागवताच्या दशम स्कंधात कृष्ण कालियाच्या डोहात उतरतो तो विषारी झालेले यमुनेचे पाणी शुद्ध करण्यासाठी. ते पाणी पिऊन गाई आणि गोपाळ मूर्च्छित झालेले असतात. मराठी परंपरेत या प्रसंगात एक चेंडू आला. खेळता खेळता चेंडू यमुनेत पडतो, तो आणायला कृष्ण कळंबावरून उडी घेतो आणि पराक्रम घडतो तो खेळाच्या ओघात. ही भर लहानशी वाटली तरी तिने कथेचा कल बदलतो : अवतारकार्याच्या जागी डाव येतो. याच परंपरेने भागवतात नसलेले सवंगडी कृष्णाभोवती जमवले. लंगडा पेंद्या आला, वाकड्या आला, बोबड्या आला. आपापले व्यंग घेऊन ही मुले डावात उतरतात आणि काल्यात सर्वांची शिदोरी एकत्र होते. तुकोबांच्या गाथेत बाळक्रीडेच्या जोडीला विटीदांडू, चेंडूफळी, हुतुतू, हमामा, फुगडी अशा खेळांवरचे अभंग आहेत. गावातील पोरांचे खेळ जवळून पाहिल्यावाचून असे अभंग लिहिता येत नाहीत.

फिलिप आरिएस या फ्रेंच इतिहासकाराने १९६० साली असे प्रतिपादन केले की, मध्ययुगीन युरोपात बालपण ही वेगळी अवस्था असल्याची जाणीवच नव्हती. पुराव्यादाखल त्याने चित्रे तपासली. त्यांतील मुले म्हणजे लहान मापाचे प्रौढ होते. बाळ येशूही त्याला अपवाद नव्हता. या मतावर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले. मराठीपुरते बोलायचे तर गाथेतील खेळांचे अभंग समोर असताना ते मत जसेच्या तसे उचलता येणार नाही. अडचण आपल्या वाचनपद्धतीत आहे. विटीदांडूचा अभंग वर्गात आला की आपण तत्काळ त्याचे आध्यात्मिक रूपक सोडवू लागतो. रूपक तिथे असतेच. परंतु ज्या खेळाच्या पायावर ते उभे आहे, तो खेळ बाजूला पडतो आणि त्याच्याबरोबर खेळणारे मूलही.

आता मळवलीकडे. रविवर्म्याचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि प्लेगच्या धास्तीच्या त्या वर्षांत, १८९९च्या सुमारास, मळवलीला हलला. पुढे तो फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. शिळाछपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागते. एकाच कागदावर एकामागून एक रंग चढत जातात आणि शेवटी चित्र पूर्ण होते. याच तंत्राने देवादिकांची चित्रे मध्यमवर्गीयांच्या भिंतींवर आणि देवघरांत पोचली. ज्यांना मंदिराचा गाभारा बंद होता अशांच्याही घरी ती लागली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. बाळकृष्ण आता यशोदेजवळ गुटगुटीत, दागिन्यांनी मढलेला आणि स्थिर दिसू लागला. अभंग ऐकणारा प्रत्येक जण आपापल्या घरातील, गल्लीतील मुलाचा चेहरा कृष्णाला देत असे. छापील चित्राने सर्वांना एकच चेहरा दिला. पेंद्याला त्या चौकटीत जागा उरली नाही. १९७२ साली छापखाना आगीच्या भक्ष्यस्थानी पडला, पण तोवर ती प्रतिमा घरोघर रुजली होती.

या छापखान्यासाठी काम केलेल्यांत एक नाव धुंडिराज गोविंद फाळके यांचे आहे. छायाचित्रण आणि ठसे बनवण्याची कला जाणणाऱ्या फाळक्यांनी पुढे लोणावळ्यात स्वतःचा मुद्रणव्यवसाय काढला आणि १९०९ साली मुद्रणतंत्रासाठी ते जर्मनीला जाऊन आले. १९१०च्या सुमारास मुंबईत त्यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला. तो पाहताना आपल्या मनःचक्षूंपुढे राम-कृष्ण, अयोध्या आणि गोकुळ उभे राहिले, असे त्यांनी १९१७ साली 'नवयुग' मासिकात लिहिले. बाळकृष्णाच्या छापील प्रतिमेशी परिचित असलेल्या या माणसाला आता हलता कृष्ण हवा होता. त्यासाठी खरे मूल लागणार होते, आणि ते त्यांना घरातच मिळाले. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) त्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला; तारामतीची भूमिका मात्र अण्णा साळुंके या पुरुषाने केली. 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८) आणि 'कालिया मर्दन' (१९१९) या चित्रपटांत कृष्ण झाली ती फाळक्यांची कन्या मंदाकिनी.

'कालिया मर्दन'चा बराचसा भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयामुळे आजही पाहता येतो. त्याचा प्रारंभ विलक्षण आहे. कथा सुरू होण्यापूर्वी सात वर्षांच्या मुलीच्या मुद्राभिनयाचा नमुना म्हणून मंदाकिनीचा चेहरा दाखवला जातो आणि एकामागून एक भाव त्यावर उमटत जातात. म्हणजे कृष्ण पाहण्याआधी प्रेक्षक एक मुलगी पाहतो. पुढे दिसणारा देव तिने वठवला आहे, हे त्याच्यापासून लपवलेले नाही. त्यानंतर येतात त्या खोड्या : लोण्याची चोरी, झोपलेल्या जोडप्याच्या दाढी-वेणीला मारलेली गाठ. मराठी गौळणींच्या श्रोत्यांना हे सारे तोंडपाठ होते. शेवटी डोहातील झुंज आणि काठावर आकांत करणारी यशोदा आळीपाळीने दिसतात. त्या झुंजीत देवाचा पराक्रम जितका आहे, तितकाच पाण्यात हातपाय मारणाऱ्या मुलाचा आनंदही आहे. आमच्या मते फाळक्यांचे तंत्र मळवलीचे असले, तरी त्यांच्या कृष्णाचे गोत्र देहूचे आहे. चित्राने थांबवलेला खेळ त्यांनी पुन्हा सुरू केला.

मुलीने कृष्ण व्हावे, यातही परंपरेला खटकण्याजोगे काही नव्हते. या पट्ट्यातील गावोगावी सप्ताहाची सांगता आजही काल्याच्या कीर्तनाने होते. बाळक्रीडेचे अभंग गात सारा समुदाय तेवढ्यापुरता गोपाळ होतो. वय, जात, स्त्री-पुरुषभेद क्षणभर मागे पडतात. काल्यात देवाची भूमिका कोणाच्या मालकीची नसते. प्रभातच्या 'गोपाळ कृष्ण'मध्ये (१९३८) राम मराठे कृष्ण झाले, तेव्हा पेंद्याही पडद्यावर आला, याचे कारण हीच काल्याची स्मृती असावी.

आज गोकुळाष्टमीला मोरपीस आणि बासरी घेऊन सजवलेली लहान मुले आमच्या परिसरातील गृहसंकुलांतून दिसतात. त्यांना स्थिर उभे राहण्यास सांगितले जाते, कारण छायाचित्र काढायचे असते. हा मळवलीचा वारसा आहे आणि तो त्याज्य नाही. पण तो एकटा पुरेसाही नाही. वर्गात बाळक्रीडा शिकवताना 'कालिया मर्दन'ची पहिली काही मिनिटे दाखवावीत, विटीदांडूचा अभंग वाचण्यापूर्वी त्या खेळाचे नियम विद्यार्थ्यांना घरच्या वडीलधाऱ्यांकडून विचारून यायला सांगावे, आणि मगच रूपकाकडे वळावे, असे आम्हांस सुचवावेसे वाटते. मिथकातील बालक अजरामर असतो. त्याला आपल्या जपणुकीची गरज नाही. गरज असते ती त्याला चेहरा देणाऱ्या मुलाला, आणि ते मूल खेळताना दिसले तरच अभंगाचा अर्थ पुरा लागतो.