टर्मिनलमध्ये 'बुलढाणा' किती घरांचं?

टर्मिनलवर आपल्या जिल्ह्याच्या तेरा तालुक्यांचा तक्ता काढून बघा. नावं इंग्रजीत असली की उभ्या रेघा सरळ येतात. 'बुलढाणा', 'चिखली', 'मेहकर' असं देवनागरीत लिहिलं की त्याच रेघा वाकड्यातिकड्या होतात. यामागे एक जुनं गृहीतक आहे: एक अक्षर म्हणजे एक घर.

1928 मध्ये आयबीएमच्या पंचकार्डावर 80 रकाने आले. 1978 च्या व्हीटी100 टर्मिनलवरही 80 रकाने होते, ओळी 24. 1980 च्या सुमारास बर्कलेत केन अरनॉल्ड यांनी 'कर्सेस' ही लायब्ररी लिहिली. पडद्यावर जेवढी घरं बदलली तेवढीच पुन्हा लिहायची, हे तिचं काम. टर्मिनलमधले मेन्यू, फॉर्म, खिडक्या याच जाळीवर उभ्या राहिल्या.

आता 'बुलढाणा' मोजू. आपण वाचतो चार अक्षरं: बु, ल, ढा, णा. युनिकोडमध्ये साठतात सात चिन्हं. रुंदी मोजणाऱ्या बऱ्याच फंक्शनांच्या हिशेबात मात्र घरं सहा, कारण उकाराला शून्य आणि कान्याला एक घर. प्रोग्रॅमने सात धरली आणि टर्मिनलने सहा, की रेघ सरकलीच!

यावर एक उत्तर पुण्यातून आलं होतं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं 'जिस्ट' तंत्रज्ञान मोहन तांबे यांच्यासोबत सी-डॅकमध्ये आलं. सी-डॅकची स्थापना 1988 ची. पीसीत जिस्ट कार्ड बसवलं की डीबेससारखे इंग्रजीसाठी लिहिलेले डॉस प्रोग्रॅमही देवनागरी दाखवायचे. प्रोग्रॅम फक्त 'इस्की'चे कोड पाठवायचा. वेलांटी कुठे, जोडाक्षर कसं, हे कार्ड बघायचं. म्हणजे लिपीचं ज्ञान एकाच जागी होतं.

पुढे विंडोजसारख्या ग्राफिक पडद्यांवर अक्षरं फॉन्ट आणि सॉफ्टवेअर घडवू लागले, कार्डाची गरज संपली. 'इस्की'ची मांडणी मात्र टिकली; युनिकोडमधली देवनागरी 1988 च्या 'इस्की'वरच बेतलेली आहे. कोड सगळीकडे एक झाला, पण रुंदीचा हिशेब ज्याचा त्याचा राहिला.

तोवर एक साधा उपाय: उजवी रेघ रिकाम्या जागा मोजून काढू नका. कर्सर थेट ठरलेल्या रकान्यात न्या आणि तिथे रेघ मारा. ही सोय व्हीटी100 मध्येही होती. मराठी नाव कितीही घरं घेवो, जागा पुरेशी ठेवली की चौकट जुळते.