सात समुद्रांपलीकडचा ध्वज

नकाशावर केप टाउनपासून पश्चिमेकडे बोट सरकवीत गेले, की सुमारे पावणेदोन हजार मैल नुसते निळे पाणी लागते, आणि मग माशी बसावी तसा एक ठिपका दिसतो. हे त्रिस्तान द कुन्हा. ज्या पोर्तुगीज दर्यावर्द्याचे नाव या बेटाला मिळाले तो १५०६ साली हिंदुस्थानच्या वाटेवर होता, आणि पुढे गोवे जिंकणारा आल्बुकेर्क त्याच्याच ताफ्यात होता. एवढाच काय तो या ठिपक्याचा आपल्याशी ऋणानुबंध!

वस्ती झाली ती नेपोलियनमुळे. त्याला सेंट हेलेनावर ठेवल्यावर, दीड हजार मैलांवरच्या या बेटावरूनही कोणी त्याला सोडवू नये म्हणून इंग्रजांनी १८१६ साली येथे शिबंदी बसविली. वर्षभराने ती उठली. पण विल्यम ग्लास नावाचा कॉर्पोरल बायकामुलांसह मागे राहिला. पुढे फुटक्या जहाजांवरचे खलाशी आले, सेंट हेलेनाहून बायका आल्या आणि गाव वसले. बटाटे, मासे, पेंग्विनची अंडी आणि कॅनव्हासने मढविलेल्या होड्या, हा त्यांचा संसार.

अशा गावात १९२२ साली बालवीरांचे पथक होते. पाद्री हेन्री मार्टिन रॉजर्स पत्नीसह त्याच वर्षी तेथे आले होते.

पण या पोरांना बालवीर करून शिकवायचे ते काय? बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे पहिले शिबिर भरविले, ते उघड्यावर राहणे आणि आपले आपण निभावणे अंगी यावे म्हणून. त्रिस्तानच्या मुलाला दोराची गाठ आणि वल्ह्याचा हात बापाकडूनच मिळे. सदैव सज्ज का असावे, हेही त्याला घरीच कळे. १८८५ साली दुरून जाणाऱ्या जहाजाला गाठायला निघालेली होडी पंधरा माणसांसह नाहीशी झाली, आणि एका दिवसात गावातले बहुतेक कर्ते पुरुष गेले. या मुलांपाशी नव्हते ते एकच : बेटाबाहेरचे सोबती.

ते सोबतीपण एका जहाजातून आले. १९२१ साली शॅकल्टनने आपल्या ‘क्वेस्ट’ जहाजासाठी बालवीर मागितला, तेव्हा सुमारे सतराशे अर्ज आले. निवडले दोन : ॲबर्डीनचा जेम्स मार आणि ऑर्कनी बेटांवरचा नॉर्मन मूनी. गंमत अशी, की बेटावर वाढलेल्या मूनीलाच समुद्र बाधला! बिचारा मदीरावरूनच परत फिरला. मार मात्र टिकला. १९२२च्या ५ जानेवारीला साउथ जॉर्जियापाशी शॅकल्टन वारला, फ्रँक वाइल्डने सूत्रे घेतली, आणि परतीच्या वाटेवर मे महिन्यात ‘क्वेस्ट’ त्रिस्तानला लागले. एकोणीस वर्षांच्या मारने बेडन-पॉवेल यांच्या वतीने तेथल्या पथकाला ध्वज दिला.

कापडाच्या त्या तुकड्याने ना पीक वाढणार होते, ना होडी तरणार होती. पण जगाने आपल्याला मोजणीत धरले आहे, हे त्या पोरांना त्या दिवशी डोळ्यांनी दिसले. मला तरी हे थोडे वाटत नाही.

मार पुढे सागरी जीवशास्त्रज्ञ झाला आणि महायुद्धात अंटार्क्टिकावरच्या एका गुप्त मोहिमेचा प्रमुख होऊन दक्षिणेत गेला. बेटावर १९६१ साली ज्वालामुखी फुटला आणि सारे गाव इंग्लंडला हलवावे लागले. परतायचे की नाही, यावर पुढल्या वर्षी मते घेतली. परत जाऊ म्हणणारे १४८ आणि नको म्हणणारे ५. १९६३ साली गाव पुन्हा भरले.