कलकत्त्याची परीक्षा, चांद्याची शाळा आणि एटापल्ली

व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळात, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीच्या परिसरात दुय्यम शाळा नव्हती. तरीही त्या काळच्या दुय्यम शिक्षणाची घडण तपासताना एटापल्लीकडून पाहणे आवश्यक आहे. कारण मुंबई-पुण्याकडून पाहताना जी व्यवस्था सर्वदूर पसरत गेल्यासारखी वाटते, ती कोठे आणि कशामुळे थांबली हे जुन्या चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याच्या या अरण्यात स्पष्ट दिसते. हा मुलूख अहेरी जमीनदारीत मोडत असे; जमीनदारी म्हणजे मालगुजारी गावांच्या सर्वसाधारण महसुली व्यवस्थेपासून वेगळा, वंशपरंपरेने एका घराण्याकडे चालत आलेला जंगली इलाखा. नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यानंतर चांदा इंग्रजी अमलाखाली आले, १८५८ मध्ये गोंड जमीनदार बाबुराव शेडमाके यांचा उठाव मोडून त्यांना चांद्यात फाशी देण्यात आली, १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी प्रांताचे शिक्षण खाते सुरू झाले. फाशी आणि शिक्षण खाते यांच्यामध्ये अवघी चार वर्षे आहेत, ही गोष्ट या प्रदेशाच्या इतिहासात दुर्लक्षिण्यासारखी नाही.

या खात्याचा पाया १८५४ च्या वुडच्या खलित्यात होता. प्रत्येक प्रांतात शिक्षण खाते असावे, खासगी शाळांना सरकारी अनुदान मिळावे आणि लंडनच्या धर्तीवर विद्यापीठे निघावीत, असे त्या खलित्याने सुचवले होते. त्याप्रमाणे १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे निघाली. मध्य प्रांताला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९२३ मध्ये, नागपुरास. तोपर्यंत येथील उच्च शाळा प्रथम कलकत्ता विद्यापीठाच्या आणि पुढे, १८८७ मध्ये स्थापन झालेल्या अलाहाबाद विद्यापीठाच्या कक्षेत आल्यावर, तिकडच्या प्रवेश परीक्षेसाठी मुले तयार करीत. गावची शाळा, कसब्याची मोठी शाळा, इंग्रजी व देशी भाषा दोन्ही शिकवणारी मधली शाळा आणि शेवटी उच्च शाळा अशी ही शिडी होती, आणि तिची प्रत्येक पायरी वरच्या पायरीच्या गरजेने ठरत असे. नागपुरातील वर्गात काय शिकवायचे हे कलकत्त्याची प्रश्नपत्रिका ठरवी, आणि नागपूरच्या गरजेनुसार चांद्याच्या मधल्या शाळेतील वर्ग बेतले जात.

इंग्रजी, आणखी एक मान्य भाषा, इतिहास-भूगोल आणि गणित हे त्या परीक्षेचे मुख्य विषय होते. गणितात अंकगणित, बीजगणित आणि युक्लिडची भूमिती येई, आणि युक्लिडचे सिद्धान्त पुष्कळदा आकृतीतील अक्षरांसह मुखोद्गत करून घेतले जात. संस्कृतासाठी मराठी मुलखातील शाळांतून रा. गो. भांडारकर यांचे १८६४ चे ‘मार्गोपदेशिका’ हे पुस्तक रूढ झाले, तर मराठी पाठ्यपुस्तकांची भाषा मुंबई इलाख्यात मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली घडली होती. इतिहासात इंग्लंडचा आणि हिंदुस्थानचा इतिहास असे. चांदा ही गोंड राजांची राजधानी होती आणि त्यांनी उभारलेला परकोट शहराभोवती तेव्हाही उभा होता. मेजर ल्यूसी स्मिथ यांनी १८६९ च्या जमाबंदी अहवालात त्या राजवंशाची हकिगत नोंदवूनही ठेवली होती. म्हणजे ही माहिती सरकारदरबारी होती, परंतु परीक्षेला ती लागत नसल्यामुळे शाळेच्या पुस्तकात तिला जागा मिळाली नाही.

शाळेचा कारभार हजेरीपट, फी आणि तपासणी यांभोवती चाले. गावशाळांचा खर्च अंशतः जमीन महसुलावरील शिक्षणपट्टीतून भागे. उच्च वर्गांत मात्र फी द्यावी लागे, आणि परगावच्या मुलाला राहण्या-जेवण्याची सोय पाहावी लागे. त्यामुळे या वर्गांत कारकून, वकील आणि मालगुजार यांच्या घरची मुले अधिक दिसत. डेप्युटी इन्स्पेक्टर तपासणीस आला की मुलांचे वाचन, शुद्धलेखन आणि हिशेब पाहिले जात, आणि मास्तरांची बढती त्याच्या शेऱ्यावर अवलंबून राही. इंग्लंडमध्ये १८६२ च्या नियमावलीने परीक्षेच्या निकालावर अनुदान देण्याची पद्धत आणली होती. ती हिंदुस्थानातही काही प्रांतांत अनुदानित शाळांना लागू झाली, आणि जेथे ती आली तेथे जे तपासता येते तेवढेच शिकवण्याकडे शाळांचा कल झाला.

एटापल्लीहून चांदा सुमारे दीडशे किलोमीटर, मध्ये वैनगंगा, आणि पावसाळ्यात वाट बंद. पण अंतरापेक्षा भाषेचा अडसर मोठा होता. येथील माडिया या आदिवासी जमातीच्या मुलाच्या घरी गोंडीची माडिया बोली, शाळेत मराठी, दक्षिणेकडे सिरोंच्याच्या बाजूस तेलुगू, आणि पुढे जायचे तर इंग्रजी. त्याची स्वतःची भाषा या शिडीच्या कोणत्याच पायरीवर नव्हती. गोंडीचा अभ्यास झालाच नाही असे नाही. नागपुरात १८४६ मध्ये शाळा काढणाऱ्या स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने गोंडांविषयी जमवलेली टिपणे त्याच्या मृत्यूनंतर १८६६ मध्ये प्रांताचे मुख्य आयुक्त रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली, आणि छिंदवाड्यात जेम्स डॉसन यांनी गोंडी शब्दसंग्रह तयार केला. परंतु हिस्लॉपचे नाव पुढे १८८३ मध्ये ज्या महाविद्यालयाला मिळाले, तेथे पोहोचण्याची वाट इंग्रजी प्रवेश परीक्षेतूनच जात होती.

याच काळात जंगलाचा कारभार कागदावर येत होता. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगल, परवाना, दंड आणि पावती हे शब्द जंगलात राहणाऱ्यांच्या रोजच्या जगण्यात शिरले, आणि ते कागद लिहिणारे व वाचणारे लोक बहुधा बाहेरून आले. शाळा परीक्षेपुरती आणि जंगलातल्या मुलांपासून दूर राहिल्याची उणीव विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील १८८२ च्या शिक्षण आयोगाला दिसली होती. उच्च शाळांवर विद्यापीठाच्या परीक्षेचे वर्चस्व आहे हे ओळखून आयोगाने व्यवहारोपयोगी शिक्षणाची दुसरी शाखा सुचवली, आणि आदिवासी मुलांना फी माफ करावी व त्यांच्यातूनच शिक्षक तयार करून त्यांच्याच मुलखात शाळा द्याव्यात, अशीही शिफारस केली. शिफारस योग्य होती. मात्र शिक्षक होण्यासाठी नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे शिक्षकांना तयार करणाऱ्या शाळेत, शिकावे लागे, तेथे जाण्यासाठी आधी देशी भाषेच्या शाळेतील वरचे वर्ग पुरे करावे लागत, आणि अहेरीच्या जंगलातील मुलासाठी ती देशी भाषा म्हणजे त्याच्या घरी न बोलली जाणारी मराठी होती.