स्मारक चलनी नाणी : स्वतंत्र भारताच्या स्मरणाचा धातुलेख

एखाद्या घटनेची आठवण नाण्यावर उमटवून ती लोकांच्या हाती देण्याची रीत भारतात फार जुनी आहे. नाशिकजवळ जोगलटेंभी येथे १९०६ मध्ये चांदीच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यांतील दोन तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर क्षहरात राजा नहपानाच्या मूळ ठशावरच गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा मारलेला आढळला. सातवाहनांच्या विजयाची वार्ता अशा रीतीने बाजारात देवघेव करणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोहोचली. स्वतंत्र भारतातील स्मारक चलनी नाणे, म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या, घटनेच्या वा विचाराच्या स्मरणार्थ पाडलेले, पण नेहमीच्या नाण्यांप्रमाणेच दर्शनी मूल्याने व्यवहारात फिरणारे नाणे, हे याच परंपरेत बसते.

या मालिकेचा आरंभ १९६४ मध्ये झाला. पंडित जवाहरलाल नेहरू यांचे त्या वर्षी २७ मे रोजी निधन झाल्यानंतर त्यांची मुखमुद्रा असलेली एक रुपयाची व पन्नास पैशांची निकेलची नाणी काढण्यात आली. पन्नास पैशांच्या काही नाण्यांवर त्यांचे नाव देवनागरीत, तर काहींवर रोमन लिपीत असल्यामुळे संग्राहक ही दोन वेगळी नाणी मानतात. पुढे १९६९ मध्ये महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त वीस पैशांपासून दहा रुपयांपर्यंतची नाणी निघाली. त्यांतले दहा रुपयांचे नाणे चांदीचे होते, म्हणून ते लोकांनी जपून ठेवले. वीस पैशांचे पिवळसर नाणे मात्र वाण्याच्या गल्ल्यातून आणि भाजीवालीच्या बटव्यातून फिरत राहिले आणि गांधीजींची प्रतिमा गरिबांतल्या गरिबाच्या हाती पोहोचली ती त्याच्यामुळे.

मात्र या इतिहासातील सर्वांत बोलका काळ सत्तरच्या दशकाचा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने अनेक देशांनी अन्नविषयक संदेश देणारी नाणी काढली आणि भारताने त्या उपक्रमात मनापासून भाग घेतला. १९७० मध्ये ‘सर्वांसाठी अन्न’, १९७३ मध्ये अधिक धान्य पिकवण्याचे आवाहन, १९७४ मध्ये नियोजित कुटुंब आणि सर्वांना अन्न यांची सांगड, १९७६ मध्ये सर्वांसाठी अन्न व काम, अशी ही ओळ आहे. १९७२च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लक्षावधी माणसे खडी फोडण्याच्या कामावर गेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याच्या पुढच्याच वर्षीचे पन्नास पैशांचे नाणे केवळ प्रचाराचे साधन वाटत नाही. राज्यसंस्थेला कोणती चिंता लागून राहिली होती, याचा तो अस्सल पुरावा ठरतो. नाण्यांच्या इतिहासकाराने या साध्या, बहुधा झिजलेल्या तुकड्यांना राजमुद्रांइतकेच महत्त्व द्यायला हवे.

पुढील काळात स्मारक नाण्यांनी नवी मूल्येही रूढ केली. दोन रुपयांचे नाणे १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धा व राष्ट्रीय एकात्मता या विषयांवर प्रथम आले, तर पाच रुपयांचे पहिले नाणे १९८५चे, इंदिरा गांधींच्या स्मरणार्थ काढलेले होते. त्यानंतर मात्र व्यक्ती आणि प्रांत यांना अधिक स्थान मिळू लागले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा १९९०चा रुपया, संत ज्ञानेश्वरांचा १९९९चा रुपया, त्याच वर्षाचे छत्रपती शिवाजी महाराजांचे आणि २००२चे संत तुकारामांचे दोन रुपयांचे नाणे, तसेच १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या प्रवासी गाडीपासूनच्या दीडशे वर्षांचे स्मरण करणारे २००३चे नाणे, एवढ्यांवरूनही मराठी संग्राहकाला स्वतःची अशी स्वतंत्र मालिका उभारता येते.

संग्रहाला प्रारंभ करणाऱ्याने नाण्यावरील वर्षाखाली असलेली टांकसाळीची खूण, म्हणजे ते कोठे पाडले गेले हे सांगणारे बारीक चिन्ह, आधी पाहावे. मुंबईसाठी चौकट, हैदराबादसाठी तारा आणि नोएडासाठी ठिपका अशा सर्वसाधारण खुणा आहेत. कोलकात्याच्या नाण्यांवर खूण नसते. चिंच, राख किंवा पॉलिश लावून नाणे चकचकीत करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण त्याने पृष्ठभागावरील बारीक रेषा कायमच्या नष्ट होतात आणि नाण्याचे मोलही घटते. नाणे नेहमी कडेला धरून उचलावे.

पंचवीस पैसे व त्याखालील नाणी ३० जून २०११पासून चलनातून बाद झाल्यामुळे दहा व वीस पैशांची स्मारक नाणी आता केवळ संग्रहांत आणि जुन्या डब्यांत उरली आहेत. दुसरीकडे, केवळ विक्रीसाठी पाडलेल्या, मोठ्या दर्शनी मूल्याच्या आणि आकर्षक पेटीतून मिळणाऱ्या स्मारक नाण्यांची संख्या वाढत आहे. ती देखणी असली तरी त्यांनी बाजार पाहिलेला नाही, आणि ज्या नाण्याने कोणाचीही भाजी विकत घेतली नाही त्याच्यापासून इतिहासाच्या संग्रहाची सुरुवात करणे योग्य नव्हे. दहा रुपयांच्या नाण्याचे चौदा प्रकार वैध असल्याचे रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे. नव्या संग्राहकाने ते आपल्या रोजच्या सुट्या पैशांतून शोधावेत आणि प्रत्येकाशेजारी त्याचे वर्ष, निमित्त व टांकसाळ लिहून ठेवावी.