भटारखान्यातलं झेन

आज आपण झेनकडे येतो आहोत. हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : नोकरीचा, घराचा, आजारपणाचा ताण आहे, तो झेन ध्यानानं जातो का? प्रश्न अगदी रास्त आहे. पण आपण इतिहासाच्या वाटेनं जाऊ. ज्यांनी झेन जपानात रुजवलं त्यांचा काळ कसा होता आणि त्या काळात त्यांनी या ध्यानाचं नेमकं काय केलं, ते बघू.

आधी शब्द, कारण शब्द आपल्याकडचाच आहे. संस्कृतात 'ध्यान', पालीत 'झान'. बौद्ध भिक्षूंबरोबर तो चीनमध्ये गेला, तिथं 'चान' झाला, आणि जपानी उच्चारात 'झेन'. म्हणजे 'झेन ध्यान' हा शब्दप्रयोग आपल्या 'पिवळा पीतांबर'सारखाच. असो, रूढ आहे, आपणही वापरू.

आता माणूस. दोगेन, जन्म 1200 सालचा, क्योतोच्या सरदार घराण्यातला. आई लहानपणीच गेली, तेराव्या वर्षी तो भिक्षू झाला. त्याच्या तरुणपणीच, 1221 मध्ये, निवृत्त सम्राट आणि कामाकुराचे लष्करी राज्यकर्ते यांच्यात युद्ध पेटलं. सम्राटाची बाजू हरली. जुनी व्यवस्था डोळ्यांदेखत कोसळली. अशा वेळी, 1223 मध्ये, हा तेवीस वर्षांचा तरुण खरा धर्म शोधायला जहाजानं चीनला निघाला.

चीनच्या बंदरात पोचल्यावर त्याला काही काळ जहाजावरच राहावं लागलं. तिथं एक म्हातारा भिक्षू आला. वय एकसष्ट. तो आयुवांग पर्वतावरच्या मठाचा आचारी होता. आयुवांग म्हणजे कोण, ओळखलंत का? अशोक राजा! आपल्या सम्राट अशोकाचं नाव चीनमधल्या त्या डोंगराला आहे. तर हे आचारीबुवा कोसच्या कोस पायपीट करून आले होते, जपानी अळिंबी विकत घ्यायला. दुसऱ्या दिवशी सण होता आणि मठातल्या भिक्षूंना काहीतरी चांगलं खाऊ घालायचं होतं.

दोगेननं त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. ते नको म्हणाले, उद्याचा स्वयंपाक आहे. दोगेन म्हणाला, एवढ्या मोठ्या मठात दुसरं कुणी नाही का रांधायला? या वयात ध्यान करायचं, ग्रंथ वाचायचे, ते सोडून हे कष्ट कशाला? त्यावर म्हातारबाबा हसले. साधना म्हणजे काय हे या परदेशी पाहुण्याला अजून कळलेलं नाही, अशा अर्थाचं काहीतरी बोलले आणि अंधार पडायच्या आत वाटेला लागले.

ही गोष्ट दोगेननं स्वतःच लिहून ठेवली आहे, तब्बल चौदा वर्षांनी. 1237 मध्ये त्यानं मठातल्या आचाऱ्यासाठी एक छोटं पुस्तक लिहिलं, 'तेन्झो क्योकुन'. तेन्झो म्हणजे मठाचा आचारी. आम्हाला विचाराल तर झेन समजून घ्यायला जाडजूड तत्त्वज्ञानापेक्षा हे पुस्तक बरं. त्यात काय आहे? तांदूळ निवडताना खडे नीट काढा, पण खड्याबरोबर एक दाणाही जाऊ देऊ नका. तांदळाचं धुवण उगाच ओतून देऊ नका. साधी पालेभाजी शिजवताना नाक मुरडू नका आणि पक्वान्न करताना हुरळून जाऊ नका. आपल्या आज्यांनी हे पुस्तक वाचलं नव्हतं, पण वाचलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती.

आता हे कोणत्या काळात चाललंय ते लक्षात घ्या. दोगेन 1227 मध्ये परत आला. 1230-31 मध्ये जपानात भयंकर दुष्काळ पडला, त्या युगातल्या सर्वांत वाईट दुष्काळांपैकी एक. त्यानंतर सहाच वर्षांनी हा माणूस तांदळाच्या एकेका दाण्याबद्दल लिहितो. तेव्हा ही नुसती अध्यात्मातली उपमा आहे असं आम्हाला तरी वाटत नाही. दाण्याची किंमत वाचणाऱ्याला ठाऊक होती.

बसण्याच्या ध्यानाबद्दलही, म्हणजे 'झाझेन'बद्दल, दोगेननं लिहिलं. त्या सूचना फार साध्या आहेत. शांत जागा, बेताचं जेवण, जाड आसन, ताठ पाठ, जीभ टाळूला, श्वास नाकानं. आणि डोळे उघडे! आपल्याकडे ध्यान म्हटलं की डोळे मिटतात. इथं मिटायचे नाहीत. शिवाय काही मिळवण्यासाठी बसायचं नाही, बुद्ध होण्यासाठीसुद्धा नाही. मग 'ताण घालवण्यासाठी' बसणाऱ्याला दोगेननं काय म्हटलं असतं, याचा अंदाज तुम्हीच करा. म्हणजे बसून ताण हलका होत नाही असं नाही. होतही असेल. पण तो दोगेनचा हिशेबच नव्हता. बसायचं आणि उठून तांदूळ निवडायला जायचं, दोन्ही एकाच जातीचं काम.

इथवर सगळं छान आहे. पण इतिहास सांगायचा तर पुढचंही सांगितलं पाहिजे.

1274 आणि 1281 मध्ये मंगोल आरमार जपानवर चालून आलं. तेव्हा सत्ता होजो तोकिमुने या तरुणाच्या हाती होती. त्यानं मुगाकु सोगेन या चिनी झेन गुरूचा आधार घेतला. या गुरूंनी चीनमध्ये मंगोल सैनिकांची तलवार मानेवर असताना बैठक मोडली नाही, असं परंपरा सांगते. दोन्ही हल्ले परतले, वादळांचा त्यात मोठा वाटा होता. मग 1282 मध्ये तोकिमुनेनं कामाकुरात एनगाकुजी हा मठ उभारला, कुणाच्या स्मरणार्थ? मेलेल्यांच्या, आणि त्यात शत्रूचे सैनिकही धरले. ही बाब आम्हाला फार मोठी वाटते.

त्याच एनगाकुजीचे सहाशे वर्षांनंतरचे प्रमुख म्हणजे शाकु सोएन. 1893 च्या शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत विवेकानंद बोलले, तिथंच हेही होते. पाश्चात्त्यांना झेनची ओळख झाली ती बरीचशी यांच्यामुळे आणि यांचे शिष्य दाइसेत्सु सुझुकी यांच्यामुळे. पण 1904 मध्ये रशिया-जपान युद्ध सुरू झालं आणि सोएन धर्मगुरू म्हणून सैन्याबरोबर गेले. युद्धाचा निषेध आपण मिळून करू, असं टॉलस्टॉयनं त्यांना सुचवलं. त्यांनी नकार दिला. पुढे दुसऱ्या महायुद्धापर्यंत अनेक झेन मठांनी आणि गुरूंनी सैन्याला आशीर्वाद दिले. मरणाची भीती न बाळगणारं शांत मन सेनापतींना हवंच होतं.

म्हणून 'मन शांत होतं का?' एवढंच विचारून भागत नाही. त्या शांत मनाचा माणूस उठून कुठं जातो, तेही विचारावं लागतं. आचारीबुवा अळिंबी घेऊन मठात गेले. दुसरे काहीजण छावणीत गेले. बसण्याची पद्धत साधारण तीच होती.

हे जपानी झेनवाल्यांनी स्वतःही मान्य केलं. दोगेनच्याच परंपरेतल्या सोतो पंथानं 1992 मध्ये आपल्या युद्धकाळातल्या वर्तनाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला. उशीर झाला खरा, पण केला.

वेळ झाली आहे, इथं थांबू. पुढच्या वेळी अठराव्या शतकातल्या हाकुइनकडे वळू. ध्यान करून करून हा माणूस आजारी पडला, आणि डोक्यावर लोण्याचा गोळा ठेवलाय, तो वितळून अंगभर ओघळतोय, अशी कल्पना करत बरा झाला. लोण्याबद्दल आपल्याकडे जाणकार बरेच आहेत, तेव्हा प्रश्न तयार ठेवा.