बिल्ला आणि कारागीर

जुनी कॅनडियन सायकल हाती आली, की लोक प्रथम हँडलाखालच्या नळीवरचा बिल्ला वाचतात. आम्ही म्हणतो, तो वाचावा. पण त्यावर सारा भरवसा ठेवू नये. १८९९ साली तेथील पाच सायकल-कारखानदार एकत्र आले आणि ‘कॅनडा सायकल अँड मोटर कंपनी’, म्हणजेच सीसीएम, उभी राहिली. ब्रँटफर्डच्या गूल्डची ‘रेड बर्ड’, लोझियरची ‘क्लीव्हलँड’, शेतीची यंत्रे करणाऱ्या मॅसी-हॅरिसची ‘मॅसी’ ही नावे कंपनीने राखली. काम मात्र टोरोंटोकडे एकवटले. गावाचे काम गेले आणि गावचा तांबडा पक्षी दुकानात मिरवत राहिला! आम्हां कामगारांना यात नवल कसले? १९८० नंतर सीसीएमचेही दिवाळे वाजले. नाव मात्र दुसऱ्यांनी घेतले.

म्हणून आधी पायडलांचा आस पाहावा. तेथे सीसीएमची ‘ट्रिप्लेक्स’ रचना असली, तर बिल्ला काहीही म्हणो, ती सायकल एकत्रीकरणानंतरची. फ्रेमवर ठोकलेल्या क्रमांकातील अक्षरावरून जाणकार साल ताडतात. तेव्हा क्रमांक सापडेपर्यंत पॉलिशपेपर हाती धरू नये.

दुरुस्तीत उत्साही माणूसच अधिक नासधूस करतो. शतकारंभीच्या सायकलीवर निकेलचा मुलामा असे. तिला क्रोमने चकचकीत करणे म्हणजे म्हातारीला नवरीचा शालू नेसवणे होय. गंज तेलाने हलके सोडवावा. मूळ रंग फिकट झाला असला तरी ठेवावा, कारण त्यावरच्या बारीक रेघा कोणा कारागिराने हातात कुंचला धरून ओढलेल्या असतात, आणि त्याचे नाव कोणत्याही बिल्ल्यावर नाही.