बेलापूरचा खटला

मैत्रिणींनो, ही गोष्ट आपल्याच ठाणे जिल्ह्यातल्या बेलापूर कोर्टातली. 2019 साली एका जोडप्याला सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या. स्त्रीबीज बायकोच्या धाकट्या बहिणीनं दिलं होतं. पुढं नवरा मुलींना घेऊन वेगळा राहू लागला, मेहुणीही तिथंच. आईनं मुलींना भेटू द्या म्हणून अर्ज केला. सप्टेंबर 2023मध्ये बेलापूर कोर्टानं तो फेटाळला. नवऱ्याचं म्हणणं, बीज जिचं तीच आई. मग यशोदेचं काय म्हणायचं?

13 ऑगस्ट 2024ला मुंबई उच्च न्यायालयानं ते म्हणणं खोडलं. मुली झाल्या तेव्हा कायदा नव्हता, 2005ची मार्गदर्शक तत्त्वं होती. त्यांतही बीज देणारीला आईचा हक्क नव्हता. आईला दर आठवडाअखेर तीन तास भेट मिळाली. 2021च्या कायद्याप्रमाणे आता गर्भ रुजवण्याआधीच दंडाधिकाऱ्याकडून आईबाप कोण, याचा आदेश घ्यावा लागतो.